सिंगभूम: जमिनीचा जुना दाखला

शाळेतल्या नकाशावर सात खंड इतक्या निश्चिंतपणे पसरलेले असतात की, जमीन ही पृथ्वीच्या जन्मापासूनची वतनदार असावी असाच समज मनात रुजतो. वास्तविक पृथ्वीच्या सुमारे 454 कोटी वर्षांच्या आयुष्यात जमिनीची नोंद बरीच उशिरा झालेली आहे. आणि त्या नोंदीचे जे थोडे अस्सल कागद जगात शिल्लक राहिले, त्यांपैकी एक दप्तर झारखंड व ओडिशा यांच्या सरहद्दीवरील सिंगभूमच्या डोंगराळ मुलखात आहे.

आरंभीचे कवच बहुतांशी बेसॉल्टसारख्या काळ्या, जड खडकाचे होते व त्यावर पाणी पसरलेले होते. पाणी मुरलेला हा खडक खोल जाऊन तापला, म्हणजे त्यातील लवकर वितळणारा, सिलिका व सोडियम यांनी समृद्ध असा अंश वेगळा होऊन वर चढे आणि ग्रॅनाइटवर्गीय खडकाच्या रूपाने थिजे. जड अवशेष खालीच राही. बेसॉल्टची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट, तर ग्रॅनाइटची 2.7 पट, एवढ्याशा फरकावर सर्व खंडांचा डोलारा उभा आहे. सिंगभूममध्ये हा व्यवहार सुमारे 350 कोटी वर्षांपूर्वीपासून हप्त्याहप्त्याने चालला, आणि कवचाची जाडी 50 किलोमीटरांच्या घरात गेल्यावर, जाड ओंडका पातळ फळीपेक्षा पाण्याबाहेर अधिक डोकावतो त्या न्यायाने, तो प्रदेश समुद्राच्या वर आला.

परंतु नुसता ग्रॅनाइट दाखवून जमीन उघडी पडल्याचे सिद्ध होत नाही, कारण तो थिजतो भूगर्भातच. खरी साक्ष देतो तो त्या ग्रॅनाइटाजवळचा वालुकाश्म. नदीचे पात्र, भरती-ओहोटीची मैदाने आणि पुळण यांच्या खुणा त्याच्या थरांत आहेत, आणि पुळण म्हटली की किनारा आला, किनारा म्हटला की जमीन आली. या वाळूच्या वयाची रुजवात झिर्कॉन नावाच्या चिवट खनिजाने होते. खडक कुटून, धुऊन, जड द्रवात बुडवून, चुंबकाने निवडून जी चिमूटभर पूड उरते, तिच्यातून केसाच्या जाडीएवढे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेचतात, राळेत बसवून घासतात व त्यांवर लेसर सोडतात. झिर्कॉन घडताना युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. तेव्हा आज त्यात सापडणारे शिसे हे युरेनियमच्या क्षयाचेच, आणि दोहोंच्या प्रमाणावरून वय निघते. वाळूचा थर त्यातील सर्वांत तरुण कणापेक्षा जुना असूच शकत नाही, हा या तपासणीतला कळीचा मुद्दा होय.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील प्रियदर्शी चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, सिंगभूमची जमीन 330 ते 320 कोटी वर्षांपूर्वी वर आली. त्यापूर्वीचा प्रचलित अंदाज 250 कोटींच्या आसपासचा होता. ही उंची खंडांच्या टकरीने नव्हे, तर खालून होणाऱ्या भरणीने आली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मला ते पटते. मात्र एका मुलखाच्या निकालावर सर्व खंडांची जमाबंदी करणे घाईचे ठरेल, कारण ऑस्ट्रेलियातील पिलबरा किंवा दक्षिण आफ्रिकेतील कापवाल यांचे कागद स्वतंत्रपणे वाचावे लागतात.

सिंगभूमच्या मुलखाशी आपला संबंध पूर्वीच आलेला आहे. मयूरभंज संस्थानच्या सेवेत असलेल्या प्रमथनाथ बोस यांनी 1904 मध्ये गोरुमहिसाणीच्या लोहखनिजाविषयी जमशेटजी टाटांना पत्र लिहिले आणि त्यातून साकचीचा पोलादाचा कारखाना उभा राहिला. ते लोहही त्याच आद्य युगातील समुद्रात साचलेले. महाराष्ट्राला स्वतःच्या पायाचे दर्शन मात्र एका आपत्तीने घडविले. सह्याद्रीचा काळा दगड आपण सनातन मानतो, पण त्याचे वय 6.6 कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे सिंगभूमच्या जमिनीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढे आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीस 617 मीटर खोल विवर घेण्यात आले, तेव्हा 338 मीटर बेसॉल्ट आणि त्याखालचा गाळाचा पातळ थर ओलांडल्यावर जो स्फटिकी खडक लागला, तो सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा निघाला.