वोस्कोपोया : डोंगरातली पेठ आणि तिची पांगलेली घराणी

वोस्कोपोया हे आग्नेय अल्बानियातले डोंगरी गाव. कोर्चा शहराच्या पश्चिमेला सुमारे २१ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण ११६० मीटर उंचीवरच्या पठारावर ते वसले आहे. २०११च्या शिरगणतीत आसपासची खेडी धरूनही तिथली वस्ती हजाराच्या आसपास भरली. अठराव्या शतकात मात्र ‘मोस्खोपोली’ या ग्रीक नावाने हे गाव बाल्कन प्रदेशातली नामांकित पेठ म्हणून ओळखले जाई. त्या वेळची लोकसंख्या ७० हजार होती, असे अभिमानाने सांगितले जाते. काही अभ्यासक ३,५०० वरच थांबतात. शेतीला जेमतेम जमीन असलेल्या या उंचीवर ७० हजारांची पोटे कशावर भरली असती, असा प्रश्न केला की दुसरा आकडाच पटतो. पण तेवढ्याशा वस्तीत छापखाना आणि अकादमी उभी राहावी, हे नवल त्याने कमी होत नाही, उलट वाढते.

या पेठेचे बहुतेक रहिवासी अरोमानियन, म्हणजे शेजारी ज्यांना व्लाख म्हणत ते लोक. त्यांची बोली लॅटिनमधून निघालेली, रुमानियन भाषेची सख्खी बहीण. मूळ धंदा मेंढपाळीचा. उन्हाळ्यात कळप डोंगरावर न्यायचे, हिवाळ्यात उबदार सखल मुलखात उतरवायचे. या ये-जा करण्यातून वाटा, घाट आणि वाटेवरची माणसे त्यांना पाठ झाली होती. लोकर आणि कातडी घरचीच होती, माल वाहायला खेचरे होती. मेंढपाळाचा तांडेवाला आणि तांडेवाल्याचा व्यापारी झाला तो असा. लोकर, कातडी आणि मेण दुर्रेस बंदरात उतरवून जहाजाने व्हेनिसला जाई. १७१८ साली ऑस्ट्रिया आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यात पासारोवित्झचा तह झाला. त्यासोबतच्या व्यापारी कराराने सुलतानाच्या प्रजेला ऑस्ट्रियाच्या मुलखात अल्प जकातीवर व्यापार करण्याची मुभा मिळाली, आणि उत्तरेची वाट खुली झाली. मग व्हिएन्ना, पेश्ट, लाइपझिश या गावांत मोस्खोपोलीच्या पेढ्या दिसू लागल्या. पुरुषांनी वर्षानुवर्षे परमुलखात राहायचे आणि कमाई घरी पाठवायची, या रीतीला बाल्कनमध्ये ‘कुर्बेत’ म्हणतात. मोस्खोपोलीची श्रीमंती त्यावरच उभी होती.

घरात अरोमानियन, भोवतालच्या खेड्यांत अल्बानियन, सरकारदरबारी तुर्की आणि चर्चमध्ये, शाळेत व व्यापारी पत्रव्यवहारात ग्रीक, असा इथला भाषाव्यवहार होता. विद्येची भाषा ग्रीकच. १७३१पासून इथल्या छापखान्यातून पुस्तके निघू लागली. ती सगळी ग्रीकमध्ये होती आणि बहुतेक संतांच्या उपासनेची. १७४४ साली इथल्या जुन्या शाळेला ‘नवी अकादमी’ हे रूप मिळाले. तिचे प्रमुखपद पुढे थिओदोरोस कावालिओतिस यांच्याकडे आले. त्यांनी १७७० साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका शालेय पुस्तकात ग्रीक, अरोमानियन आणि अल्बानियन अशा तीन भाषांतले हजारावर शब्द शेजारी-शेजारी मांडले. चारच वर्षांनी हाले विद्यापीठातले स्वीडिश प्राध्यापक योहान थुनमान यांनी ही यादी पुन्हा छापली, आणि युरोपच्या विद्वानांना अरोमानियन आणि अल्बानियन या दोन बोलींची बऱ्यापैकी ओळख झाली.

त्यानंतर दानिएल या इथल्याच धर्मगुरूने बल्गेरियन धरून चार भाषांचा कोश रचला. त्यामागचा हेतू लोकांनी आपापली बोली सोडून ग्रीक शिकावी हाच होता. प्रस्तावनेतल्या पद्यात तसे उघड आवाहन आहे. आज भाषाशास्त्रज्ञ हा कोश उघडतात तो अरोमानियन आणि अल्बानियन शब्दांसाठी. ज्या बोली पुसल्या जाव्यात असे दानिएलला वाटत होते, त्यांच्या सर्वांत जुन्या छापील नोंदींत त्याच्याच कोशाची गणना होते.

व्यापाऱ्यांच्या पैशाची सर्वांत ठळक खूण म्हणजे चर्च. १७२१च्या सुमारास बांधलेले सेंट निकोलसचे चर्च बाहेरून अगदी साधे आहे : बसकी लांबट इमारत, जाड दगडी भिंती, एका बाजूला कमानींची पडवी. आत शिरले की चित्रांनी न भरलेला भिंतीचा वीतभर भागही सापडत नाही. ही चित्रे दाविद सेलेनित्सा या चित्रकाराने आपल्या सहकाऱ्यांसह १७२६ साली पुरी केली. संतांच्या या गर्दीत हाजी योर्गी या व्यापाऱ्याचेही चित्र आहे, कारण चर्चचा खर्च त्याने उचलला होता. ‘हाजी’ ही पदवी त्या काळी जेरुसलेमची यात्रा केलेले ख्रिस्ती लोकही लावत.

ऱ्हास झपाट्याने झाला. १७६८ साली रशिया-तुर्कस्तान युद्ध पेटले आणि ख्रिस्ती प्रजेवर संशयाची नजर वळली. १७६९ साली मुस्लिम अल्बानियन टोळ्यांनी ही पेठ लुटली. १७८८च्या सुमारास अली पाशा तेपेलेना या ऑटोमन सुभेदाराच्या सत्तास्पर्धेत ती पुन्हा जळाली. एरवी लुटलेली गावे पुन्हा उभी राहतात. हे राहिले नाही. त्याचे कारण एकट्या लुटारूंत शोधून भागत नाही. ज्यांच्याकडे गाव उभारण्याइतका पैसा होता त्यांच्या पेढ्या आधीच डॅन्यूबच्या काठी होत्या, आणि बायकामुलांना तिकडे नेणेच त्यांना सोयीचे होते. ऐपत नसलेली कुटुंबे जवळच्या कोर्चात, बितोलात किंवा क्रुशेवोच्या डोंगरात गेली.

उत्तरेकडे गेलेल्यांनी जिथे वस्ती केली तिथे आधी चर्च बांधले. हंगेरीतल्या मिश्कोल्त्सचे ऑर्थोडॉक्स चर्च आणि पेश्टमध्ये डॅन्यूबकाठी ग्रीक व व्लाख व्यापाऱ्यांनी मिळून बांधलेले चर्च आजही उभे आहे. या पांगलेल्या घराण्यांत सर्वांत नावाजलेले घराणे सीनांचे. थोरला सिमोन सीना मोस्खोपोलीचा; त्याचा मुलगा गेओर्ग १७८३ साली निश येथे जन्मला आणि व्हिएन्नाच्या बड्या सावकारांत गणला गेला. १८४९ साली खुला झालेला बुडापेस्टचा साखळी पूल त्याच्या भांडवलाच्या बळावर झाला, अथेन्सची वेधशाळाही त्याच्याच देणगीतून. त्याचा मुलगा धाकटा सिमोन याने अथेन्सच्या अकादमीची संगमरवरी इमारत बांधवली. चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव आहे. घराण्याच्या मूळ गावाच्या वाट्याला अशी एकही वास्तू आली नाही.

मिश्कोल्त्समध्ये अशाच एका व्यापारी घरात आंद्रेई शागुना जन्मले. पुढे ते ट्रान्सिल्व्हानियातल्या रुमानियनांचे धर्मप्रमुख झाले आणि १८६१ साली स्थापन झालेल्या ‘आस्त्रा’ या रुमानियन सांस्कृतिक संस्थेचे पहिले अध्यक्षही. एकाच गावच्या रक्तातून ग्रीसला दाते मिळाले आणि रुमानियनांना नेते. मोस्खोपोली नेमकी कोणाची, हा वाद त्यामुळे आजही मिटलेला नाही. ग्रीक इतिहासकार इथल्या नव्या अकादमीकडे बोट दाखवतात, रुमानियन रहिवाशांच्या बोलीकडे, अल्बानियन भूमीकडे. अठराव्या शतकातल्या व्यापाऱ्याला हा प्रश्न बहुधा कळलाच नसता. त्याच्या लेखी ऑर्थोडॉक्स असणे पुरेसे होते.

विसाव्या शतकाने उरलेसुरले नेले. १९१६ साली पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सशस्त्र टोळ्यांनी गाव जाळले, दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा पेटले, आणि १९६० साली भूकंपाने चर्चना तडे गेले. १९६७ साली एन्वर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीने धर्मावरच बंदी घातली. १९९० नंतर सीमा खुल्या झाल्या आणि कुर्बेत पुन्हा सुरू झाला, या वेळी ग्रीसमधल्या बांधकामांवर आणि शेतांवर मजुरीसाठी. २०१८ साली ‘युरोपा नोस्त्रा’ या वारसा जपणाऱ्या संस्थेने वोस्कोपोया आणि शेजारच्या विथकुक या गावांतल्या चर्चना युरोपातल्या सर्वाधिक धोक्यातल्या सात वारसास्थळांत घातले. गळकी छपरे आणि भिंतींत मुरणारे पाणी हे त्यांचे मुख्य दुखणे. गावातल्या उरलेल्या घरांपैकी काहींनी आता उन्हाळी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत.