धातूंचा इलेक्ट्रॉन सिद्धांत : ऐतिहासिक विकास

धातूंच्या विद्युत् व उष्णता संवाहकतेचे स्पष्टीकरण त्यांतील मुक्त इलेक्ट्रॉनांच्या गतीवरून करणारा सिद्धांत. एकाच तापमानास सर्व धातूंत या दोन संवाहकतांचे गुणोत्तर जवळजवळ सारखे असते, असे व्हीडमान व फ्रांट्स यांना १८५३ मध्ये आढळले होते. जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनाचा शोध लावल्यावर पाउल ड्रूडे यांनी १९०० मध्ये धातूंतील इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंप्रमाणे मुक्तपणे हिंडतात असे मानून या गुणोत्तराची उपपत्ती दिली.

तथापि एक अडचण उरली. अभिजात यामिकीनुसार अशा इलेक्ट्रॉनांनी उष्णतेतील आपला वाटा घेतला पाहिजे व त्यामुळे धातूंची विशिष्ट उष्णता निरोधकांपेक्षा सु. दीडपट असली पाहिजे. प्रत्यक्षात सामान्य तापमानास तसा फरक आढळत नाही. म्हणजे वीज वाहून नेण्यास इलेक्ट्रॉन भरपूर, पण उष्णता घेण्यास जणू नाहीतच.

हे कोडे पुंजयामिकीने सोडविले. पाउली यांचे विवर्जन तत्त्व (१९२५) व त्यावर आधारलेली फेर्मी-डिरॅक सांख्यिकी (१९२६) आर्नोल्ट झोमरफेल्ट यांनी १९२७ मध्ये धातूंना लावली. एका ऊर्जास्थितीत विरुद्ध परिवलनांचे दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात. म्हणून ते तळापासून क्रमाने वरच्या स्थिती व्यापतात. तांब्यात ही भरती सु. ७ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोहोचते, तर सामान्य तापमानास उष्णतेपासून मिळणारी ऊर्जा सु. १/४० इलेक्ट्रॉन व्होल्टच असते. त्यामुळे पृष्ठभागालगतच्या थोड्या इलेक्ट्रॉनांनाच वर जाण्यास रिकामी जागा सापडते आणि विशिष्ट उष्णतेतील त्यांचा वाटा अपेक्षेच्या सु. एक टक्काच राहतो. ड्रूडे यांनी विशिष्ट उष्णता सु. शंभर पटींनी जास्त व वेगाचा वर्ग तितक्याच प्रमाणात कमी धरला होता. या दोन चुकांनी एकमेकींना छेदल्यामुळेच त्यांचे गुणोत्तर जुळले होते.

इलेक्ट्रॉन आयनांच्या दाटीतून अडथळ्याविना कसे जातात, याचे उत्तर फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये दिले. पूर्णपणे आवर्ती जालकात इलेक्ट्रॉन-तरंगाचे प्रकीर्णन होत नाही. रोध निर्माण होतो तो जालकाच्या कंपनांमुळे, अशुद्धींमुळे व दोषांमुळे. यातूनच ऊर्जापट्टांची कल्पना पुढे आली. अंशतः भरलेला पट्ट असल्यास पदार्थ संवाहक होतो. पट्ट पूर्ण भरलेले असल्यास तो निरोधक किंवा, वरच्या रिकाम्या पट्टापासूनचे अंतर अल्प असल्यास, अर्धसंवाहक होतो, असे ए. एच. विल्सन यांनी १९३१ मध्ये दाखविले. या विचारांवरच पुढे ट्रँझिस्टरची (१९४७) उभारणी झाली. अतिसंवाहकता मात्र इलेक्ट्रॉन परस्परांपासून स्वतंत्र मानून उलगडली नाही. त्यासाठी जालकाच्या द्वारे त्यांच्या जोड्या कल्पिणारा बार्डीन, कूपर व श्रीफर यांचा सिद्धांत (१९५७) यावा लागला.