वऱ्हाडातला र आणि संगणकाच्या वाटा

आज बोलायचं आहे संगणकाच्या इतिहासावर. कोणता संगणक भारी आणि कोणता स्वस्त, ते दुकानदार सांगेलच. आम्ही विचारणार एवढंच, की 'दर्यापूर' आणि 'वऱ्हाड' हे दोन शब्द कोणत्या यंत्रावर धड उमटले?

प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. दर्यापुरातला अर्धा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. वऱ्हाडातला र मात्र ह च्या आधी आडवा होतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या, एवढा फरक त्या एका र नं पडतो. हिंदीला हा आडवा र लागत नाही, आपल्याला पदोपदी लागतो.

टाइपरायटरच्या काळात अक्षर तुकड्यातुकड्यानं जोडावं लागे. रेमिंग्टन पद्धतीच्या पाटीवर बोटं बसवलेल्या कितीतरी मुलींना त्या जोरावर कचेरीत नोकरी मिळाली. मग संगणक आला, पण तो इंग्रजीच जाणत होता. त्याला आपली लिपी शिकवायच्या दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट हार्डवेअरची. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान 1988 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढलं. मोहन तांबे यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. जिस्ट कार्ड म्हणजे संगणकाच्या पोटात, खाचेत बसवायची एक पट्टी. अक्षरं जुळवायचं काम ती करी. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्रामही पडद्यावर मराठी दाखवू लागले. मोठी सोय झाली, पण दर यंत्राला वेगळी पट्टी, म्हणजे वेगळा खर्च. शेजारच्या संगणकात पट्टी नसेल, तर तिथे मराठी नाही.

दुसरी वाट सॉफ्टवेअरची, म्हणजे फाँटची. विंडोज आलं, पडदा स्वतःच चित्रं काढू लागला आणि पट्टीची गरज सरत गेली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे फाँट दुकानादुकानांत आले. लग्नपत्रिका, हँडबिलं, वर्तमानपत्रं, सगळं झपाट्यानं होऊ लागलं. पण यात एक मेख होती. संगणकाच्या आत इंग्रजी अक्षरंच साठत, वर फक्त मराठी रूप चढवलेलं. कृतिदेवमध्ये 'आई' लिहा आणि तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडा, तर दिसतं व्ही, के, बी, झेड! शिवाय एका फाँटचं दुसऱ्याशी जुळत नसे.

आपल्या शकुंतला गाडीचं असंच होतं. बनोशावरून कापूस मूर्तिजापूरपर्यंत जाई, पण तिची पटरी अरुंद आणि पुढची रुंद. माल उतरवा, पुन्हा चढवा. फाँटच्या बाबतीत हा उतरवण्या-चढवण्याचा भार टाइप करणारीवर पडे. गटाचा ठराव एका दुकानात टाइप केला आणि बँकेच्या गावी दुसऱ्या दुकानात फाइल उघडली नाही, म्हणजे पुन्हा टाइप, पुन्हा पैसे. हे आमच्यातल्या अनेकींनी सोसलं आहे.

आमच्या मते, फाँटवाल्यांनी मराठी स्वस्त केली, पण अक्षर साठवावं कसं, हे जिस्टवाल्यांनाच बरोबर उमगलं होतं. त्यांच्या इस्की पद्धतीत क म्हणजे क च साठे, त्याचं चित्र नव्हे. 1991 साली भारतीय मानक ब्युरोनं इस्कीला मानक केलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिनं देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. म्हणजे पट्टी गेली, पण तिच्यामागचा विचार जगभर पोचला.

तरी युनिकोड लगेच रुळलं नाही. विंडोज 2000 मध्ये देवनागरी आली. एक्स्पीत मात्र ती बहुधा सीडी घालून वेगळी चालू करावी लागे. छपाईवाल्यांचं लाडकं पेजमेकर युनिकोड जाणत नव्हतं, म्हणून छापखाने जुन्या फाँटलाच चिकटून राहिले. रेमिंग्टनवर क 'डी' च्या कळीवर. नव्या इनस्क्रिप्टवर तो 'के' वर. वर्षानुवर्षं बसलेली बोटं कोण सहज मोडेल? पोट त्यावर चालत होतं.

मोबाइलवरही किंमत मोजावी लागली. इंग्रजीच्या एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावत, मराठीत 70 च, आणि काना-मात्रा त्यातच धरलेल्या. म्हणून मायलेकींचे निरोप कित्येक वर्षं इंग्रजी अक्षरांतून गेले: कशी आहेस, जेवलीस का, सगळं तसंच.

आणि आपला आडवा र? त्याच्या नशिबी युनिकोडमध्येही दोन वाटा आल्या. एकीत साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह घालायचं. दुसरीत खाली टिंब असलेला वेगळा ऱ वापरायचा. डोळ्याला दोन्ही 'वऱ्हाड' सारखेच, संगणकाला मात्र निराळे. तेव्हा एखाद्या यादीत 'कऱ्हाळे' किंवा 'कोऱ्हाळे' असं आडनाव शोधलं आणि सापडलं नाही, तर नाव नाहीच असं धरून परत फिरू नका. टेबलावरच्या माणसाला म्हणा, "दादा, दुसऱ्या र नं एकदा शोधून पाहा."