कागदामागचे कागद : शालेय चित्रांच्या मूल्यमापनाचा एक मागोवा

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागलं की मंद्रूप येतं. इथल्या अनेक घरांत कानडी बोलतात, शाळेत मराठी. या गावात मी चित्रकला शिकवली. एका वर्षी एलिमेंटरी परीक्षेच्या सरावासाठी स्मरणचित्राचा विषय दिला होता : सण. एका मुलीने येळवस काढली. आमच्याकडे मार्गशीर्ष अमावस्येला सगळं घर रानात जातं. कडब्याच्या कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा करून आंबील-भज्जीचं जेवण होतं. तिच्या चित्रात दगड माणसांपेक्षा मोठे होते. मी लाल पेनाने ‘प्रमाण चुकले’ असं लिहिलं आणि सी श्रेणी दिली.

तो शेरा माझ्या हातात कुठून आला, याचा शोध पुढे मला बराच लांब घेऊन गेला.

लंडनमध्ये 1852 साली हेन्री कोल यांच्याकडे सरकारी कलाशिक्षणाचा कारभार आला. कारखान्यांना चांगले नक्षीकार हवे होते. रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी तेवीस पायऱ्यांचा अभ्यासक्रम आखला : आधी रेषा आणि भूमिती, मग नमुन्यांवरून नक्कल, छायाप्रकाश, आणि स्वतःची रचना अगदी शेवटी. गावोगावच्या शाळांतली चित्रं तपासणीसाठी साउथ केन्सिंग्टनला जात. तपासनीस मुलाला कधी पाहत नसे. त्याच्यासमोर फक्त कागद असे. चार्ल्स डिकन्सने 1854 सालच्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये या पद्धतीची टर उडवली आहे. गालिच्यावर फुलं असावीत असं म्हणणाऱ्या मुलीला त्यात एक सरकारी गृहस्थ झापतो.

मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1857 मध्ये कलाशाळा सुरू झाली. 1865 मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले. दोघेही साउथ केन्सिंग्टनच्या वातावरणात घडलेले. इथल्या कारागिरीबद्दल दोघांनाही आस्था होती, ग्रिफिथ्स यांनी तर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेण्यात अनेक वर्षं घालवली. तरी शाळांपर्यंत पोचली ती पायऱ्यांची शिस्त. तिच्यातूनच मुंबई इलाख्यातल्या चित्रकलेच्या श्रेणी परीक्षा उभ्या राहिल्या. आज एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन ही नावं ऐकली की माझ्या पिढीला पोस्टर कलरचा वास येतो. भूमिती अजून चित्रकलेच्या परीक्षेत का, याचं उत्तर त्या तेवीस पायऱ्यांत आहे.

या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिचं एक ऋण मंद्रूपसारख्या गावाने विसरू नये. तपासणाऱ्यासमोर फक्त बैठक क्रमांक असतो. मूल कोणाचं, कोणत्या जातीचं, घरी कोणती भाषा बोलतं, हे त्याला कळत नाही. आमच्याकडच्या कित्येक मुलांना कलामहाविद्यालयाचा दरवाजा इंटरमिजिएटच्या प्रमाणपत्राने उघडून दिला.

याच महाराष्ट्रात दुसरी वाटही होती. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीम सुरू झाली आणि 1944 मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. 1962 पर्यंत ते तिथे होते. मुलाचं चित्र हे त्याच्या वाढीचा भाग आहे, ते स्पर्धेत उतरवण्याची वस्तू नव्हे, अशी त्यांची धारणा होती. तिथे शिक्षक मुलासोबत राहत असे. त्यामुळे चित्र कसं होत गेलं, हे त्याला दिसत असे. ही पाहणी एका माणसाच्या सहवासावर उभी होती. ती हजारो शाळांत कशी न्यायची, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याला सरकारी उत्तर 2010 मध्ये मिळालं. शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कला विषयाला लेखी परीक्षा नाही. वर्षभराचं निरीक्षण, कृती, उपक्रम यांवर आकारिक मूल्यमापन आणि वर्णनात्मक नोंदी. कागदोपत्री ही देवी प्रसादांचीच वाट होती. प्रत्यक्षात काय झालं, ते शिक्षकांना ठाऊक आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या. ‘चित्रात आकर्षक रंग भरतो’ हे वाक्य एका इयत्तेत वीस जणांपुढे लिहिलं गेलं; त्यात मीही होतो. दुसरीकडे इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळू लागले : ए ला 7, बी ला 5, सी ला 3. प्रक्रियेचं मोल नोंदवहीत राहिलं आणि पालकांचं लक्ष पुन्हा त्या एका कागदाकडे गेलं.

वर्ष संपताना मी कपाट आवरत होतो. त्या मुलीच्या चित्रामागे तिने तीन कच्चे कागद टाचले होते. पहिल्यात नेहमीसारखं रान, लांबून दिसणारी कोपी. दुसऱ्यात कोपी जवळ आलेली. तिसऱ्यात कोपीच्या कडा कागदाच्या कडांना भिडलेल्या. ती आत जाऊन बसली होती. दगड तिच्या गुडघ्यांपाशी होते, माणसं बाहेर, दूर, उन्हात. प्रमाण चुकलं नव्हतं. मी बाहेर उभा राहून बघत होतो.

तो शेरा मी खोडला, पण तोवर ती शाळा सोडून गेली होती.

बैठक क्रमांकाची निनावी परीक्षा मोडावी, असं मला वाटत नाही. ओळखीच्या मास्तरची मर्जी हा तिच्यापेक्षा मोठा धोका आहे. मात्र शेवटच्या कागदाला दोन कच्चे कागद जोडण्याची मुभा देता येईल, तीही निनावीच. निदान वर्गात तरी, शेरा लिहिण्याआधी ‘तू कुठे उभी राहून हे पाहिलंस?’ एवढं विचारता येईल. त्याला ना नवी पुस्तिका लागते, ना शासननिर्णय. मी आता विचारतो. उत्तर पुष्कळदा आधी कानडीत येतं, मग मराठीत.