नगरची ख्रिस्ती मंडळी : अनाथालयातून सुरू झालेली गोष्ट

मराठी ख्रिस्ती माणूस चर्चच्या इमारतीला चर्च म्हणतो, पण तिथे जमणाऱ्या माणसांना म्हणतो 'मंडळी'. महाराष्ट्रातल्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांची गोष्ट निघाली की अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं नाव घ्यावंच लागतं.

सुरुवात मात्र मुंबईतून झाली. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नकोसे होते. तरीही ते टिकले, आणि त्यातून पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' उभं राहिलं. १८३१ च्या अखेरीस या मिशनने नगरला ठाणं मांडलं. तिथल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी विल्यम हर्वे वर्षभराच्या आतच पटकीने गेले.

१८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. तिच्यात कोण होतं? सरदार नाहीत, सावकार नाहीत. मिशनने अपंग आणि निराधार लोकांसाठी अनाथालय चालवलं होतं, सुरुवातीचे सभासद बरेचसे तिथले. या अनाथालयाची व्यवस्था बाबाजी नावाच्या एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाकडे होती. ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच प्रभुभोजनाला बसतात, ही त्या काळी धर्मापेक्षाही मोठी बातमी होती.

१८३९ मध्ये हरिपंत खिस्ती यांनी बाप्तिस्मा घेतला, मग त्यांचे भाऊ नारायण यांनीही. ब्राह्मण घरातला तरुण ख्रिस्ती झाला की गावात खळबळ उडायची, मिशनच्या शाळांमधून मुलं काढून घेतली जायची. ख्रिस्ती होणाऱ्याला घर सुटायचं, जात सुटायची, वाटणीचाही प्रश्न यायचा. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, हे कायद्याने १८५० मध्ये ठरलं. कागदावर, अर्थात. भाऊबंदांनी ते किती मानलं, हा वेगळा विषय.

त्याच सुमारास सिंथिया फरार या शिक्षिका नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि मग पुण्यात मुलींची शाळा काढली. १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं, त्यामागे हेन्री बॅलंटाइन होते. मराठी नियतकालिकांमध्ये इतकं दीर्घायुष्य फार थोड्यांना लाभलं.

१८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. म्हणजे मंडळीचा कारभार गोऱ्या माणसाकडून मराठी माणसाकडे यायला वीसेक वर्षं लागली. पगाराचा दोर मात्र बराच काळ मिशनच्या हातात राहिला, आणि खरी कुरबूर तिथेच होती.

मंडळी वाढली ती शहरापेक्षा खेड्यांत. राहुरी, वडाळा, शेवगाव, पारनेर या बाजूला महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून माणसं आली. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला. 'पोटासाठी ख्रिस्ती झाले' हा टोमणा तेव्हापासूनचा. तो अर्धवट आहे. दुष्काळात धान्य मिळालं हे खरं, पण ते संपल्यावरही लोक टिकले, कारण मुलाला शाळेत बसायला मिळत होतं आणि पाणवठ्यावर हाकलणाऱ्या जगात कुणीतरी नावाने हाक मारत होतं. त्याच वेळी, १८७८ मध्ये, नगरला पाळक तयार करणारी धर्मशिक्षणाची शाळा सुरू झाली. ती चालवणारे रॉबर्ट ह्यूम जन्माने मुंबईकर. शहरातलं एक चर्च त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

मग आले नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले, शिकवू लागले आणि गीतं लिहू लागले. तोवर उपासनेत बरीचशी भाषांतरित गीतं इंग्रजी चालींवर म्हटली जात. टिळकांनी अभंग आणि ओवी आणली. ख्रिस्ती कीर्तन नगरला त्यांच्याआधीच सुरू झालं होतं, टिळकांनी त्यात जीव ओतला. आजही मराठी मंडळ्यांच्या 'उपासनासंगीत'मध्ये त्यांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लगेच धर्म बदलला नाही. सोवळं-ओवळं हळूहळू सुटत गेलं आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे ठाऊक असेलच. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्त भारतीय वेशात हवा, पगारी नोकराच्या वेशात नको, असा त्यांचा सूर होता.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केलं. त्यात सगळ्याच जातिधर्मांची मुलं शिकली.

पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे एकाच वाड्यातल्या दोन चुलतभावांपैकी बौद्ध झालेल्याला सवलत मिळते, ख्रिस्ती राहिलेल्याला मिळत नाही. केंद्राने २०२२ मध्ये या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.