मोटारीतला सिनेमा आणि उसनी आठवण

विषयाचं नाव वाचून तुमच्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल की, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस सिनेमाच्या मैदानावर काय करतोय? उत्तर सोपं आहे. जे आपण कधी अनुभवलंच नाही, त्याची आठवण आपल्याला का येते, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. आणि त्यासाठी ड्राइव्ह-इन थिएटरइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

आधी इतिहास पाहू. काळ १९३०च्या सुमाराचा, देश अमेरिका. मंदीचे दिवस. न्यू जर्सी राज्यात रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाचा गृहस्थ होता, घरचा व्यवसाय मोटारीला लागणाऱ्या मालाचा. त्याने आपल्या घराच्या अंगणात एक प्रयोग केला. गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना चादर बांधून पडदा केला. पाऊस आला तर काय होईल हे बघायला बागेला पाणी घालायचा फवारा गाडीवर सोडला. आता खरी अडचण वेगळीच होती. एका गाडीमागे दुसरी गाडी उभी राहिली की मागच्याला पुढच्याचं टप दिसणार, सिनेमा नाही. त्यावर त्याने उतरणीच्या उंचवट्यांच्या रांगा आखल्या. पुढची चाकं उंचवट्यावर चढवायची, म्हणजे गाडी किंचित मान वर करते आणि पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. या रचनेचं पेटंट त्याला मे १९३३ मध्ये मिळालं आणि ६ जून १९३३ रोजी कॅम्डेन गावाजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू झालं. दर होता गाडीला २५ सेंट आणि माणशी २५ सेंट. मुलं कितीही गोंगाट करोत, सगळ्या कुटुंबाला घेऊन या, अशी त्याची जाहिरात होती.

म्हणजे बघा, सुरुवातीला त्यात काव्य फारसं नव्हतंच. तान्हं मूल घेऊन नवरा-बायकोला सिनेमाला जाता येत नाही, दिवसभर राबलेल्या माणसाला कपडे बदलून थिएटरात जायचा कंटाळा येतो, या साध्या अडचणींवरचा तो उपाय होता. आवाजाचीही पंचाईत होती. पडद्याशेजारी मोठे कर्णे लावलेले असत. मागच्या गाड्यांना आवाज उशिरा आणि क्षीण पोचे, शेजारपाजारच्यांची मात्र झोप उडे. १९४०च्या दशकात खिडकीला अडकवायचे छोटे स्पीकर आले, तेव्हा कुठे हा धंदा रांगेला लागला.

युद्ध संपल्यावर तो फोफावला. सैनिक घरी परतले, लग्नं झाली, मुलं झाली, शहराबाहेर घरं झाली, दारात मोटार आली. पेट्रोल स्वस्त, गावाबाहेरची जमीनही स्वस्त. हॉलिंग्सहेडचं पेटंट १९४९ मध्ये न्यायालयात टिकलं नाही, त्यामुळे कुणालाही ड्राइव्ह-इन काढायची मुभा मिळाली. १९५८च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन होती. पडद्याखाली मुलांसाठी झोपाळे, मधोमध खाण्यापिण्याची टपरी, मागच्या रांगेत तरुण जोडपी. आज आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते या दहा-पंधरा वर्षांचं.

मग ती ओसरली का? टीव्ही आला म्हणून, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे, कारण टीव्ही घराघरांत शिरत होता त्याच दशकात ड्राइव्ह-इनही वाढत होती. कारणं अनेक होती. एक कारण घड्याळाचं. ड्राइव्ह-इनला अंधार लागतो. १९६६च्या कायद्याने अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जाऊ लागलं, त्यामुळे खेळ रात्री नऊनंतर सुरू व्हायला लागला. मुलं असलेल्या घरांना ते परवडेना. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. पुढे घरोघर व्हिडिओ आला. पण सगळ्यांत मोठं कारण जमिनीचं. गावाबाहेरचं मैदान होतं तिथपर्यंत शहर येऊन पोचलं. वर्षातले काही महिने, तेही फक्त रात्री वापरल्या जाणाऱ्या मोकळ्या जागेपेक्षा तिथे बाजारसंकुल बांधणं कितीतरी फायद्याचं. जमिनीची किंमत हाच ड्राइव्ह-इनचा जन्म आणि तीच त्याचा मृत्यू.

आता गंमत अशी की, 'ग्रीस' हा गाजलेला चित्रपट १९७८चा. त्यात ड्राइव्ह-इनमधला प्रसंग आहे आणि कथा आहे १९५०च्या दशकाच्या अखेरची. म्हणजे खरी ड्राइव्ह-इन बंद पडत असतानाच पडद्यावरचं ड्राइव्ह-इन अजरामर होत होतं. जगभरच्या माणसांनी ड्राइव्ह-इन पाहिलं ते बहुतांशी असं, पडद्यावर. त्यालाच मी उसनी आठवण म्हणतो.

इथे थोडं शब्दांकडे वळू या. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बासेलमधल्या आपल्या प्रबंधात घडवला. परमुलखात लढणाऱ्या स्विस सैनिकांना घरच्या ओढीने जे आजारपण येई, त्याचं ते नाव. ग्रीक भाषेतले दोन शब्द त्यात जोडले आहेत: परतणं आणि वेदना. मराठीने या एका शब्दासाठी दोन शब्द केले, आणि मला वाटतं फार शहाणपणा केला. एक स्मरणरंजन, दुसरा गतकातरता. रंजनात सुख आहे, कातरतेत दुखणं आहे. स्वेतलाना बॉइम या अभ्यासक बाईंनी २००१ च्या आपल्या पुस्तकात असाच काहीसा भेद केला: गेलेलं जसंच्या तसं पुन्हा उभारू पाहणारी ओढ, आणि गेलं आहे हे मान्य करून त्याच्याबद्दल विचार करणारी ओढ.

हा भेद ड्राइव्ह-इनला लावून बघा. पन्नाशीच्या दशकातली ती रम्य संध्याकाळ सगळ्यांची नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांना ड्राइव्ह-इनमध्ये प्रवेश नव्हता, किंवा असला तर वेगळ्या भागात. तिथे प्रत्येक जण आपापल्या गाडीत, आपापल्या काचेआड बसलेला, तरीही शेजारची गाडी कुणाची हा प्रश्न होताच! १९६४च्या नागरी हक्क कायद्याने ही बंदी बेकायदा ठरवली. स्मरणरंजनाच्या चित्रात ही माणसं दिसत नाहीत. गतकातरतेला मात्र ती दिसायला हवीत.

मग पुनरुज्जीवनाचं काय? २०१३च्या आसपास स्टुडिओंनी फिल्मच्या रिळांऐवजी डिजिटल प्रती द्यायला सुरुवात केली. नवा प्रोजेक्टर ७० हजार डॉलरच्या आसपास. अनेक छोट्या मालकांनी तेव्हा दिवे मालवले. काही ठिकाणी मात्र गावकऱ्यांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर घेऊन दिला. पेन्सिल्व्हेनियातलं १९३४ साली सुरू झालेलं शँकवायलर्स ड्राइव्ह-इन यातूनही टिकून राहिलं. मग आलं २०२०. बंदिस्त थिएटरं बंद झाली आणि ज्याला कालबाह्य म्हणत होतो तेच एकमेव सुरक्षित थिएटर ठरलं. अमेरिकेत वॉलमार्टने आपल्या १६० दुकानांच्या वाहनतळांवर पडदे उभे केले. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या ऑटोकिनोत लग्नंसुद्धा लागली. हे आठवणीने घडलं नाही, गरजेने घडलं. एकमेकांपासून लांब राहून एकत्र असणं, ही हॉलिंग्सहेडची मूळ युक्तीच पुन्हा उपयोगी पडली.

आता आपल्याकडे येऊ. अहमदाबादला १९७३ मध्ये सनसेट ड्राइव्ह-इन सुरू झालं. तिथल्या रस्त्यालाच ड्राइव्ह-इन रोड नाव पडलं. गुजराती कुटुंबांनी त्या अमेरिकी कल्पनेचं काय केलं? गाडीत कोंडून बसण्याऐवजी बाहेर सतरंजी अंथरली, घरून आणलेले डबे उघडले आणि त्याची सहल करून टाकली. मुंबईत बांद्र्याला सत्तरच्या दशकात असंच एक ड्राइव्ह-इन आलं आणि या शतकाच्या सुरुवातीला बंद झालं. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलात, एका मॉलच्या गच्चीवर, सुमारे २९० गाड्यांचं नवं ड्राइव्ह-इन उघडलं. ज्या जमिनीच्या भावाने ड्राइव्ह-इनला मैदानावरून हाकललं, त्या भावाने त्याला आता गच्चीवर जागा दिली.

याला माझी हरकत नाही. लोकांनी जावं, आनंद घ्यावा. पण आपल्यापैकी किती जणांच्या लहानपणी दारात मोटार होती? त्या काळी फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. उघड्यावरच्या सिनेमाची महाराष्ट्राची खरी आठवण मोटारीतली नाही, तंबूतली आहे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या यात्रा-जत्रांत टुरिंग टॉकीजचे ट्रक येत. तंबूत पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं जमिनीवर बसत. उलट्या बाजूच्यांना अक्षरं उलटी दिसत, पण सिनेमा तोच. तिथे शेजारी कोण बसला आहे हे काचेआडून बघावं लागत नसे, त्याचा खांदाच लागत असे.

तो तंबू आज जवळपास गेला आहे. त्याचं पुनरुज्जीवन करायला कुणी गच्ची देणार नाही, कारण त्याच्या प्रेक्षकाच्या खिशात तेवढे पैसे नाहीत. पुनरुज्जीवन कशाचं होतं आणि कशाचं होत नाही, हे आठवणीच्या तीव्रतेवर ठरत नाही. ते आठवण विकत घेण्याची ऐपत कुणाची आहे, यावर ठरतं. म्हणून जुनं काही पुन्हा उभं राहिलेलं दिसलं की दोन प्रश्न विचारावेत एवढीच विनंती आहे: ही आठवण कुणाची? आणि त्या जुन्या मैदानाच्या फाटकाबाहेर तेव्हा कोण उभं होतं? हे प्रश्न विचारल्याने आनंद कमी होत नाही. उलट पुढच्या वेळी ते फाटक थोडं जास्त उघडं ठेवण्याची बुद्धी होते.