पाटा वाढवण्याआधी

खर्ड्यातून भरून निघणाऱ्या पिकपच्या हौद्यात कधी कांदा असतो, कधी कडबा, कधी दुधाचे कॅन. आणि ऊसतोडीचा हंगाम लागला की भांडीकुंडी, शेळ्या, लेकरे घेऊन निघालेले एखादे बिऱ्हाड. परतीला तीच गाडी बऱ्याचदा रिकामी धावते. रिकामी असताना आणि भरल्यावर, दोन्ही वेळा गाडी नीट चालावी ही जबाबदारी मागच्या पाट्यांवर असते. ती पार पडत नाही असे वाटले की मालक मिस्त्रीला सांगतो, ‘गाडी मागून बसते, एक पाटा वाढवा.’ पुढची पाने या एका वाक्यामागच्या शास्त्राविषयी आहेत.

पदविकेचा विद्यार्थी, आयटीआयची मुलेमुली, हप्ते फेडणारा गाडीमालक आणि गॅरेजमधला मिस्त्री, सर्वांचे येथे स्वागत आहे. मिस्त्रीचे विशेष. सेंटर बोल्ट का तुटतो, यू-बोल्ट ढिला राहिला की काय होते, मेन पाट्याच्या डोळ्यापाशी भेग कशी सुरू होते, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. त्या पाहण्याला गणिताची जोड मिळावी आणि दोन्ही गोष्टी मराठीत एकत्र वाचायला मिळाव्यात, एवढ्यासाठी हा खटाटोप.

विषय जुना आहे. १७९५च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम भिडले, तेव्हाच्या तोफांच्या गाड्यांना पाटे नव्हते. वाटेचा प्रत्येक दणका लाकडी आसाने आणि बैलांच्या खांद्यांनी सोसला. मात्र त्याच्या दीडशे वर्षे आधी, १६३८च्या ग्रंथात, गॅलिलिओने वाकणाऱ्या तुळईचा विचार मांडला होता. एका टोकाला पक्क्या आणि दुसऱ्या टोकाला भार घेणाऱ्या तुळईत भाराच्या टोकाकडे वाकवणारा जोर कमी होत जातो, म्हणून तिथे तेवढे साहित्य लागत नाही. आता मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी पोलादी पट्टी कल्पावी, तिच्या लांब चिरफळ्या करून एकीखाली एक रचाव्यात. वर सर्वांत लांब, खाली क्रमाने आखूड: पिकपखाली वाकून पाहिल्यावर दिसतो तो जुडगा हाच. पुढे १८५२ मध्ये फिलिप्स या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेगाड्यांच्या पाट्यांसाठी याचे रीतसर गणित केले, आणि आजही आपण त्याच वाटेने जातो.

त्या गणितातली एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुष्कळ नुकसान तिच्या अज्ञानातून होते. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला तर जुडग्याचा ताठरपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. पण पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढत असल्यामुळे, ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचे पाटे बसवले तर तो जवळजवळ दुप्पट होतो. डोळ्यांना फरक दोन मिलिमीटरचा दिसतो.

ताठरपणाची किंमत रिकामी गाडी मोजते. वजनाने पाटा १० सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला सुमारे दीड हेलकावा घेते. अडीच सेंटिमीटरच दबत असेल तर तीन. दीड सेंटिमीटरवर आले की चार. सेकंदाला चार ते आठ या टप्प्यातला उभा हादरा बसलेल्या माणसाच्या शरीराला सर्वाधिक जाणवतो. माल उतरवल्यावर हौद्यात माणसे बसवू नयेत हे खरेच, पण ती बसतात, त्यांत गरोदर बायाही असतात, आणि हा विषय अभ्यासताना त्यांना विसरणे मला मान्य नाही.

याहून गंभीर बाब ब्रेकची. अनेक पिकपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह चेसिसवर असतो आणि एका दांडीने एक्सलला जोडलेला असतो. गाडी दबली की तो समजतो भार आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. पाटे वाढवून गाडी उचलली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मग घाट उतरताना मागची चाके आपल्या वाट्याचे काम पुरे करत नाहीत आणि पुढच्या ब्रेकवर ताण येतो. पाटा वाढवला तर त्या दांडीची जुळणी कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा करणे भाग आहे. एक्सलचा कोन बदलून प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट लवकर खाल्ले जातात, तेही याच उचलण्याने.

दुसरा धडा लोहाराकडून घ्यावा. ऊसतोडीचे कोयते जुन्या पाट्यांतून घडवले जातात, आणि तापवून घडवलेल्या कोयत्याला पुन्हा पाणी दिल्याशिवाय कोणताही लोहार तो हातात देत नाही. बसलेल्या पाट्याला मात्र गॅसच्या ज्योतीवर तापवून कमान देतात आणि तसाच गाडीला बांधतात. पोलादाचे पाणी तिथे उतरलेले असते. अशी कमान टिकत नाही, आणि पाट्यावर केलेले वेल्डिंग तर भेगेला आमंत्रणच.

मग करावे काय? माझे मत स्पष्ट आहे: बदलत्या भाराला हेल्पर पाटा हे सर्वांत समंजस उत्तर. रिकाम्या गाडीत तो मोकळा राहतो, गाडी ठरावीक दबली की टेकतो आणि कामाला लागतो. तरी त्यानेही गाडीची क्षमता वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस तेच राहतात. कायदाही तेच सांगतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने मनमानी फेरफारांना मर्यादा घातली आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये व वर प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी वाचकाने चार आकडे वहीत लिहून आणावेत. सपाट जागेवर गाडी रिकामी असताना एक्सलपासून चेसिसपर्यंतची उंची. नेहमीचा माल भरल्यावर तीच उंची. आणि वजनकाट्यावर फक्त मागची चाके चढवून दोन्ही वेळचे वजन. दोन्ही वजनांतल्या फरकाला दोन्ही उंचींतल्या फरकाने भागले की आपल्या गाडीच्या मागच्या पाट्यांचा खरा ताठरपणा हाती येतो. पहिले प्रकरण त्याच आकड्यापासून सुरू होते.